बंद खाणीच्या पाण्याचे दफ्तर

कोळशाची खाण बंद पडली की तिचा इतिहास संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शेवटची पाळी वर येते, पंप थांबतात, नोंदवह्या कपाटात जातात. भूजलाच्या दृष्टीने मात्र त्याच दिवशी नवे प्रकरण सुरू होते. खाण चालू असताना अहोरात्र उपसा करून भूजलाची पातळी खाली राखलेली असते. आसपासच्या विहिरींचे पाणीही त्यामुळे खोल जाते. उपसा थांबला की खालच्या पोकळ्या भरत पाणी वर्षानुवर्षे वर चढते आणि अखेर एखाद्या जुन्या बोगद्यातून किंवा ओढ्याच्या काठावरून बाहेर पडते. या प्रवासाची नोंद कोणी ठेवायची आणि ठेवलेली नोंद कोणी वाचायची, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. आमच्या मते तो इतिहासाच्या अभ्यासकांचाही आहे.

ब्रिटनमध्ये सोडून दिलेल्या खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करण्याचे बंधन १८७२च्या कायद्याने घातले. त्याआधीच्या कित्येक खाणी मात्र नकाशावाचूनच विस्मृतीत गेल्या. २१ मार्च १९७३ रोजी यॉर्कशरमधील लॉफ्टहाउस खाणीत कोळसा काढणारे यंत्र अशाच एका एकोणिसाव्या शतकातील, पाण्याने भरलेल्या कामाला जाऊन भिडले. सात कामगार बुडाले. त्यांपैकी एकाचाच मृतदेह हाती लागला. चौकशीत पुढे आलेली गोष्ट या अपघाताइतकीच अस्वस्थ करणारी होती. जुने काम किती खोल गेले आहे याचा पुरावा भूगर्भसर्वेक्षकांच्या जुन्या वह्यांत उपलब्ध होता. तो कोणी पाहिला नव्हता. दफ्तर होते, वाचक नव्हता.

दोनच वर्षांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी खालच्या चालू कामात कोसळले. मृतांचा अधिकृत आकडा ३७५ आहे. यश चोप्रांच्या १९७९च्या ‘काला पत्थर’मुळे ही घटना अनेकांच्या स्मरणात राहिली. पडद्यावर पाणी अकस्मात येते. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षे डोक्यावर साठत होते. पुढे २ फेब्रुवारी २००१ रोजी झरिया पट्ट्यातील बागडिगी येथे शेजारच्या बंद खाणीतील पाणी शिरून २९ जण मृत्युमुखी पडले. या तिन्ही ठिकाणी जुने काम आणि चालू काम यांच्यामध्ये दगड-कोळशाची एक भिंत उभी होती. ती किती जाड आहे आणि तिच्यापलीकडे पाणी किती उंच आहे, हे ठाऊक असण्यावर माणसांचे जगणे अवलंबून होते.

पाण्याचा दुसरा उपद्रव संथ आहे आणि म्हणूनच त्याची बातमी होत नाही. कोळशाच्या थरांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग असते. उत्खननामुळे त्याला हवा लागते, पाणी लागते आणि गंधकाम्ल तयार होते. भूजल वर चढताना हे सारे विरघळवत येते. उघड्यावर येताच त्यातील लोहाचा हवेशी संयोग होतो आणि ओढ्याच्या तळावर नारिंगी साका बसतो. त्याखाली जीवसृष्टी गुदमरते. खडकांत चुनखडी असेल तर आम्लता मारली जाते, पाणी निर्मळ दिसते, सामूही ठीक भरतो. सल्फेट मात्र पाण्यात टिकून राहते. पाणी खाणीतून आले आहे, याची साक्ष तेच देते. म्हणून केवळ सामू मोजून भागत नाही. सल्फेट, लोह, मँगनीज आणि विद्युतवाहकताही तपासावी लागते. ओढ्याचे नमुने खाणीच्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन्ही अंगांना घ्यावे लागतात. निरीक्षणासाठी खोदलेल्या कूपनलिकांतील पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, त्याच ठिकाणी, त्याच खुणेपासून मोजावी लागते. एकटा आकडा मुका असतो. मागच्या आकड्याशेजारी ठेवला म्हणजे तो बोलू लागतो.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील खाणी बंद होऊन दशके लोटली, तरी तेथे काही ठिकाणी आजही उपसा चालू आहे. खाणीचे पाणी वरच्या चुनखडीतील पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात शिरू नये, हा त्यामागचा हेतू. उत्पन्न केव्हाच थांबले. खर्च थांबलेला नाही. भारतात केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यासाठी निधी बाजूला ठेवण्याची तरतूद केली. आपल्याकडे वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर-वणीच्या परिसरात, कोळसा संपलेल्या खुल्या खाणींतून तळी साचतात, त्यामुळे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे. तेथील पाण्याबद्दल विश्वासाने काही म्हणायचे, तर खाण सुरू होण्यापूर्वी विहिरी कशा होत्या याची नोंद हाताशी हवी. ती नसेल तर ‘पाणी बिघडले’ हे गावकऱ्यांचे म्हणणे आणि ‘पूर्वीपासून असेच आहे’ हा खाणवाल्यांचा बचाव, दोन्ही सारखेच निराधार ठरतात. आणि अशा वादात नुकसान नेहमी विहिरीवर अवलंबून असणाऱ्याचे होते.

साहित्याच्या अभ्यासात आपण पाठचिकित्सा शिकवतो: कोणती प्रत जुनी, कोठे पान गळले, नंतरच्या हाताने काय घातले. खाणीचे नकाशे आणि पाण्याच्या नोंदवह्या याच शिस्तीने वाचाव्या लागतात. फरक एवढाच, की जुन्या पोथीतील गळलेले पान आपल्याला फार तर चुकीच्या अर्थाकडे नेते. लॉफ्टहाउसच्या सात जणांना, आणि चासनाल्याच्या कामगारांना, दुसरे वाचन करण्याची सवड मिळाली नाही.