हमाल : एका शब्दाचा प्रवास

नवी मुंबईंतील एपीएमसी मार्केटांत पहांटेपासून दोन शब्द सारखे कानीं पडतात : दलाल आणि हमाल. एक गादीवर बसून सौदा ठरवितो, दुसरा गोणीखालीं वांकतो. व्यवहारांत या दोघांमध्यें मोठें अंतर आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीनें ते सख्खे भाऊ होत.

दोन्ही शब्द मूळचे अरबी. एखादें काम धंदा म्हणून नित्य करणाऱ्याचें नांव अरबी भाषा एका ठराविक सांच्यांतून काढते. धातूचें मधलें व्यंजन दुणावावयाचें व पुढील स्वर लांबवावयाचा. वाट दाखविणारा तो ‘दल्लाल’, नाणीं बदलून देणारा ‘सर्राफ’ आणि ओझें वाहणारा ‘हम्माल’. फारसीच्या मार्गानें हे शब्द मराठींत आले व जोडाक्षरें गळून दलाल, सराफ, हमाल अशीं सुटसुटीत रूपें रुळलीं.

हमाल पश्चिमेकडेहि गेला. तुर्कांनीं तो उचलला आणि त्यांच्या साम्राज्याबरोबर तो ग्रीक, बल्गेरियन, रुमानियन व सर्बियन भाषांत शिरला. विशेष हें कीं, अर्थाची घसरण दूरदूरच्या भाषांत सारखीच झाली. ग्रीक मनुष्य कंटाळवाण्या कष्टाच्या कामास ‘हमालीकी’ म्हणतो. मराठी मनुष्य त्याच त्राग्यानें ‘नुसती हमाली’ म्हणतो. इंग्रजी अमदानींतील मुंबईंत पालखी वाहणाऱ्यास आणि पुढें साहेबाच्या घरगड्यासहि हमाल म्हणत.

मूळ धातूंत मात्र तुच्छतेचा लेशहि नाहीं. उर्दूंतील ‘हमल’ म्हणजे गर्भ, ‘हामिला’ म्हणजे गर्भवती आणि ‘तहम्मुल’ म्हणजे सहनशीलता. हे सारे त्याच धातूचे शब्द. माता जें वाहते, धीराचा मनुष्य जें सोसतो आणि हमाल जें उचलतो, त्या सर्वांस अरबीनें एकच क्रियापद दिलें.

मराठीजवळ स्वतःचे शब्दहि होते. ओझेंवाल्यास जुन्या मराठींत ‘हेलकरी’ म्हणत. माथ्यावर भार घेणारा तो ‘माथाडी’. मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत राबणाऱ्या या माणसांची संघटना अण्णासाहेब पाटील यांनीं बांधली, आणि 1969 सालीं महाराष्ट्रांत माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मालक व कामगार यांची नोंदणी मंडळाकडे झाली. मजुरी मंडळामार्फत मिळूं लागली आणि भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्कहि लाभले. एरवीं हेटाळणीनें उच्चारला जाणारा शब्द कायद्याच्या नांवांत मानानें बसला.

त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मशीद बंदर व आसपासचे घाऊक बाजार खाडीपलीकडे हलले, त्यांबरोबर माथाडीहि आले. त्यांत सातारा, सांगलीकडील पुष्कळ. कांदा-बटाटा, भाजी, फळें, मसाला आणि दाणा या पांचहि बाजारांचा माल त्यांच्याच खांद्यांवरून फिरतो. गोणी पन्नास किलोंहून जड नसावी ही त्यांची मागणी याच बाजारांतून उठली. ‘तहम्मुल’ हा सद्गुण खरा. पण दुसऱ्यानें किती सोसावें, हें सोसणाऱ्यास विचारल्यावांचून ठरवूं नये, एवढेंच त्या मागणीचें म्हणणें आहे.