मणक्यातील गादी आणि तिचे चित्र

वाचकहो, कंबर धरली म्हणून एम. आर. आय. काढावा, अहवालात 'डिजनरेशन' हा शब्द यावा आणि घरादाराची झोप उडावी, हा अनुभव आज पुष्कळ कुटुंबांना येतो. मुलगा पंचविशीचा असेल तर आईवडिलांच्या काळजीला पारावार राहत नाही. म्हणूनच या चित्राचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाडे दिसू लागली. परंतु दोन मणक्यांमधील गादी मात्र दिसेना, कारण क्ष-किरण तिच्यातून सहज पार होतात. दिसे ती केवळ मणक्यांमधील जागा. ती अरुंद झाली असेल तर गादी झिजली असा तर्क करावयाचा. (आपल्याकडे 'मणक्यात गॅप पडली' असे म्हणतात, वस्तुतः गॅप पडत नाही, कमी होते!)

१९२१-२२ च्या सुमारास फ्रान्समधील सिकार व फॉरेस्टिए यांनी खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून ते पाठीच्या कण्यात सोडले व मज्जारज्जूभोवतीची पोकळी क्ष-किरणांत दृश्य केली. तेल जेथे अडे तेथे दाब आहे असे समजावे. तथापि तो दाब कशाचा, हे कोणास ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेत जो कूर्चेचा तुकडा निघे त्याला डॉक्टर गाठ समजत. बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी अशा जुन्या 'गाठी' पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक फाटलेल्या गादीचेच भाग निघाले. १९३४ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि पायात उतरणाऱ्या कळेचे एक खरे कारण जगाला कळले.

लंडनमध्ये १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, तर १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने चित्र काढण्याची पद्धत जगापुढे मांडली. हीच एम. आर. आय. ची सुरुवात. विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. तरुण गादीच्या गाभ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. एम. आर. आय. च्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे उमटते, म्हणून टवटवीत गादी पांढरी आणि वाळलेली गादी काळी दिसते. याच रंगावरून व गादीच्या उंचीवरून फिरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पाच श्रेणी ठरविल्या. थोडक्यात, यंत्र गादीतील ओलावा दाखविते. वेदना दाखवीत नाही.

हा भेद कोणी सिद्ध केला? १९९० साली अमेरिकेतील बोडेन व सहकाऱ्यांनी, पाठदुखी कधीच न झालेल्या ६७ जणांचे एम. आर. आय. काढून तीन तज्ज्ञांकडे दिले. कोणाला दुखते, कोणाला नाही हे तज्ज्ञांना सांगितले नव्हते. सुमारे एक तृतीयांश लोकांत ठळक दोष सापडले! वीस ते एकोणचाळीस वयाच्या ३५ टक्के धडधाकट माणसांत किमान एक गादी झिजलेली वा फुगलेली निघाली. २०१५ साली ३,११० वेदनारहित व्यक्तींवरील अभ्यास एकत्र केले, तेव्हा विशीत ३७ टक्के व ऐंशीत ९६ टक्के लोकांत झीज आढळली. ती बरीचशी केस पिकण्यासारखी आहे, असे माझे मत.

पालकहो, याचा अर्थ चित्र निरुपयोगी असा नव्हे. लघवीवरील ताबा गेला, गुदद्वाराभोवती बधिरता आली किंवा पायातील शक्ती कमी होत चालली, तर तास न दवडता इस्पितळ गाठावे, तेथे एम. आर. आय. अवयव वाचवू शकतो. परंतु नुसत्या कंबरदुखीत कागदावरील शब्द वाचून शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्यापूर्वी, रुग्णाला हाताने तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

त्या ६७ जणांचे पुढे काय झाले? सात वर्षांनी त्यांना प्रश्नावली पाठविली असता ५० जणांनी उत्तरे दिली. ज्यांची पाठ सर्वाधिक काळ दुखली, ते सर्वांत खराब चित्रे असलेले लोक नव्हते.