स्पिऑन कॉपच्या पायथ्याशी

सैनिक रणांगणावर जातो तो आज्ञेने. नागरिक जातो तो स्वेच्छेने. या दोघांनी एकत्र काम करावयाचे, तर कोणाची हद्द कोठे संपते हे आधी ठरवावे लागते. ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले, तेव्हा नाताळमधील भारतीयांपुढे हाच प्रश्न आला.

गांधीजींची सहानुभूती बोअरांकडे होती. परंतु ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागावयाचे, तर त्या राज्याच्या संकटात वाटा उचललाच पाहिजे, असे त्यांना वाटे. जखमींच्या सेवेसाठी पथक उभारण्याची त्यांची सूचना सरकारने प्रथम आभार मानून नाकारली. पुढे माणसांची निकड भासू लागली, बिशप बेन्स यांनीही शब्द टाकला आणि होकार मिळाला. डॉ. बूथ यांनी शुश्रूषेचे शिक्षण दिले. सुमारे ११०० जणांच्या या पथकात ३०० स्वतंत्र भारतीय होते; बाकीचे सारे गिरमिटिये मजूर.

सेनेशी ठरलेली अट स्पष्ट होती. गोळीबाराच्या टप्प्यातून जखमींना बाहेर आणावयाचे ते सेनेच्या स्वतःच्या पथकाने; तेथून रुग्णालयापर्यंत न्यावयाचे ते भारतीयांनी.

२४ जानेवारी १९०० रोजी स्पिऑन कॉपच्या डोंगरावर ही व्यवस्था अपुरी पडली. माथ्यावरील खडकाळ जमिनीत ब्रिटिशांना खंदक पुरेसे खोल खणता आले नव्हते आणि भोवतालच्या टेकड्यांवरून बोअरांचा मारा चालू होता. तेव्हा जनरल बुलर यांचा निरोप आला: हा धोका पत्करण्यास पथक बांधलेले नाही, परंतु रणभूमीवरून जखमींना आणल्यास सरकार आभारी होईल. तो हुकूम नव्हता, विनंती होती. आणि पथकाने ती तत्काळ मानली. त्या दिवसांत जखमींच्या डोल्या घेऊन हे लोक रोज वीस ते पंचवीस मैल चालत. जखमी जनरल वुडगेट यांनाही त्यांनीच वाहून नेले.

सुमारे सहा आठवड्यांनी पथक विसर्जित झाले. नेत्यांना युद्धपदके मिळाली. डोल्या वाहणारे मजूर आपल्या गिरमिटाकडे परतले. ज्या हक्कांच्या आशेने ही सेवा केली, ते हक्क मात्र आले नाहीत. १९०२ च्या तहानंतर ट्रान्सवालमध्ये भारतीयांवरील निर्बंध अधिकच कडक झाले, आणि ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत भारतीयांनी अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली.

विनंती आली तेव्हा जे लोक धोक्यात गेले, त्यांच्याच समाजाने पुढे हुकूम मानण्यास नकार दिला. स्वेच्छेची किंमत त्याने रणांगणावर जाणली होती. राज्यकर्त्यांना ती जाणता आली नाही.