कोरियाहून आलेला अडॅप्टर

आमच्या गाडीच्या डिकीत एक काळा ठोकळा असतो. दोन तळहातांवर मावेल एवढा, एका टोकाला मोठं तोंड, दुसऱ्या टोकाला छोटं. २०२२ च्या सुरुवातीला मी तो दक्षिण कोरियातून मागवला. मी राहतो अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये. गाडी टेस्ला, म्हणजे अमेरिकन. रस्त्याकडेचे चार्जरही अमेरिकन. आणि या दोघांची गाठ घालून देणारा ठोकळा मात्र पॅसिफिक महासागर ओलांडून यायचा! त्यातही गंमत अशी की तो बनवून विकणारी कंपनी माझ्या गाडीचीच. फक्त ती तो कोरियात विकत होती, इथे नाही.

पुण्याच्या काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, एका प्लगसाठी कोरिया कशाला? आमच्या तुळशीबागेत मिळाला असता." काकूंना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर तीसेक वर्षांचं आहे. ते आज लिहितोय.

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळा येत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण मग पुढे तक्रार करू नये.) घरी गाडी लावतो तेव्हा भिंतीतून एसी वीज येते आणि गाडीच्या पोटातलं यंत्र तिची डीसी करून बॅटरीला देतं. हे काम रात्रभर सावकाश चालतं. हमरस्त्यावरचा फास्ट चार्जर मात्र डीसी वीजच थेट बॅटरीत ओततो, तीही शेकडो व्होल्टने. त्यामुळे चार्जर आणि गाडी यांना सतत बोलावं लागतं: किती व्होल्ट देऊ, किती अँपिअर, गरम झाली का, थांबू का. म्हणजे प्रश्न नुसता पिना जुळण्याचा नाही, भाषा जुळण्याचाही आहे. आणि नेमक्या याच दोन गोष्टींवरून कंपन्यांची भांडणं झाली.

पहिलं भांडण कॅलिफोर्नियातलं. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही१ नावाची विजेची गाडी आणली. तिला प्लगच नव्हता. फळकुटासारखी एक चपटी वस्तू गाडीच्या खाचेत सरकवायची आणि चुंबकीय क्षेत्रातून वीज आत जायची. धातूला धातू लागत नाही, म्हणून पावसातही निर्धास्त. त्याच काळात फोर्ड आणि होंडाच्या विजेच्या गाड्यांना मात्र नेहमीसारखा धातूच्या पिनांचा प्लग होता. दोन्ही प्रकारचे चार्जर शेजारी शेजारी उभे राहिले. शेवटी २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने पिनांच्या बाजूने कौल दिला. तोवर त्या गाड्यांचंच भवितव्य डळमळू लागलं होतं, आणि पुढे ईव्ही१ परत घेऊन बहुतेक मोडीतच काढल्या गेल्या. फळकुट चांगलं की प्लग चांगला, हा प्रश्न मग कोणी विचारलाच नाही.

दुसरी फेरी जपानने सुरू केली. टोकियोची वीज कंपनी, निस्सान, मित्सुबिशी वगैरेंनी मिळून २०१० मध्ये चाडेमो नावाची फास्ट चार्जिंगची पद्धत पुढे आणली. नावात जपानी श्लेष आहे: 'चहा तरी घेऊ या' अशा अर्थाचा. गाडी चार्ज होईपर्यंत एक कप चहा! मराठी माणसाला पटावी अशी ही कल्पना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात निस्सान लीफ आली आणि चाडेमोचे चार्जर इथे आमच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसू लागले. अमेरिकन आणि जर्मन कंपन्यांना हे रुचलं नाही. २०११ मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू वगैरे सात नावांनी जाहीर केलं की आमचा प्लग वेगळा. साध्या एसी प्लगच्या खाली दोन जाड पिना जोडलेला, म्हणून कॉम्बो. त्याचं रीतसर नाव सीसीएस. २०१२ मध्ये त्याचं अमेरिकन मानक छापून आलं.

आणि त्याच २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एस आणली, तिला तिसराच प्लग. छोटा, सुटसुटीत, एसी-डीसी दोन्हीसाठी त्याच पिना. सोबत सुपरचार्जर नावाची स्वतःची चार्जरची साखळी. माझं मत विचाराल तर तिघांत हाताळायला तोच बरा. सीसीएसचं तोंड म्हणजे बंबाची नळी धरल्यासारखं वाटतं. पण बाकीच्या कंपन्यांच्या गाड्यांना तिथे प्रवेश नव्हता, हेही खरं.

हे सगळं वाचताना मला आठवतात ते मिरजेचे माझे आजोबा. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मिरजेचं वैशिष्ट्य ठाऊक असेलच: १९७१ मध्ये पुण्याहून ब्रॉडगेज आली, बंगलोरकडे मीटरगेज जात होती, आणि पंढरपूरच्या बाजूला बार्शी लाइटची नॅरोगेज. एका जंक्शनात तीन रुंदीचे रूळ! डलहौसीने देशभर एकच गेज असावं म्हणून साडेपाच फूट ठरवलं होतं. पुढे १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटरगेज आणलं, आणि पैसे वाचले ते सरकारचे. मिरजेला एका वाघिणीतलं पोतं दुसऱ्या वाघिणीत गेलं ते हमालाच्या पाठीवरून. आजोबा म्हणायचे, गूळ मिरजेला येईपर्यंत एका भावाचा असतो आणि निघताना दुसऱ्या. फुटलेलं पोतं, चुकलेली गाडी, हमाली, हे सगळं त्या गुळातच मिसळायचं. ज्यांनी गेज ठरवलं त्यांच्यापैकी कोणी ते पोतं उचलायला आलं नाही. १९९२ मध्ये रेल्वेने एकच गेज करायचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणजे सव्वाशे वर्षांनी.

अडॅप्टर हा आमचा हमाल.

टेस्लाने आधी चाडेमोचा अडॅप्टर काढला. २०१५ पासून तो अमेरिकेत साडेचारशे डॉलरना मिळू लागला. चांगला जाडजूड, कारण तो नुसता पिना जोडत नव्हता तर दुभाष्याचं काम करत होता: चार्जर जपानी पद्धतीने बोलणार, गाडी टेस्लाच्या, आणि मधे हा बसून भाषांतर करणार. त्याची धाव पन्नास किलोवॅटपर्यंत. तेव्हा ती पुरेशी होती. पण पुढे वारं फिरलं. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याच्या तडजोडीतून कंपनीला दहा वर्षांत दोनशे कोटी डॉलर विजेच्या वाहनांसाठी खर्चावे लागले आणि त्यातून इलेक्ट्रिफाय अमेरिका नावाची साखळी उभी राहिली. तिथे सीसीएसची तोंडं भरपूर आणि चाडेमोचं बहुधा एकच. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२२ पासून नव्या ठिकाणी, कॅलिफोर्निया सोडून, चाडेमो बसवणार नाही. म्हणजे माझ्या गाडीला एकीकडे सुपरचार्जर, दुसरीकडे ओसरत चाललेलं चाडेमो, आणि डोळ्यांसमोर रोज वाढणारे सीसीएस, ज्यांना ती जोडताच येत नाही.

माझी मावसबहीण डोंगरापलीकडच्या एका छोट्या गावात राहते. नवरा तिथल्या इस्पितळात डॉक्टर. त्या वाटेवर सुपरचार्जर नव्हता, पण गावच्या वाचनालयामागे सीसीएसचा एक चार्जर होता. हिवाळ्यात बॅटरीची धाव कमी होते, वर घाट, वर बर्फ. तिला दिवस गेले होते, नववा महिना लागला होता, आणि माझी मावशी सांगलीहून यायची होती ती व्हिसाच्या मुलाखतीत अडकलेली. केव्हा फोन येईल आणि निघावं लागेल याचा नेम नाही. तेव्हा 'वाटेत सहा तास थांबून साध्या प्लगला लावू' हे चालण्यासारखं नव्हतं.

आता कोरिया का, तर त्याचं कारण निव्वळ योगायोग. टेस्ला कोरियात गेली ती उत्तर अमेरिकेतलाच प्लग घेऊन. युरोपात तिला २०१९ पासून मॉडेल ३ साठी तिथला सीसीएस २ स्वीकारावा लागला होता, पण कोरियात नाही. आणि कोरियात पूर्वी तीन-तीन पद्धतींचे चार्जर होते, ते कमी करत तिथल्या सरकारने सीसीएस १ हे राष्ट्रीय मानक ठरवलं. सीसीएस १ म्हणजे अमेरिकेतलंच तोंड! तर जगाच्या नकाशावर गाडीला अमेरिकन टेस्ला प्लग आणि रस्त्यावर अमेरिकन सीसीएस अशी जोडी असलेला उत्तर अमेरिकेबाहेरचा महत्त्वाचा देश हाच. तिथे सार्वजनिक चार्जर भरपूर आणि टेस्लाचे स्वतःचे त्या मानाने थोडे, त्यामुळे गरज तिथे आधी भासली असावी असा माझा तर्क. २०२१ च्या अखेरीस टेस्लाने कोरियात सीसीएस अडॅप्टर विकायला काढला.

हा अडॅप्टर चाडेमोवाल्यासारखा दुभाष्या नाही, हे त्यातलं मर्म. आत पिना, जाड तांबं, कुलूप आणि तापमानाची राखण, बस. भाषा गाडीलाच यायला हवी. सीसीएसची भाषा म्हणजे विजेच्या वायरीतूनच माहिती पाठवायचं तंत्र. टेस्लाने युरोपासाठी ती आपल्या गाड्यांना शिकवली होती, आणि तो छोटा मोडेम इथल्याही बऱ्याच गाड्यांत बसून आला होता. सगळ्यांत नाही. शेजाऱ्याच्या गाडीत असायचा, तुमच्यात नसायचा. गाडीच्या पडद्यावर माहितीच्या पानात शोधलं की एक ओळ दिसते: सीसीएस चालू, किंवा बसवलेलं नाही. हजारो लोकांनी तेव्हा गॅरेजमध्ये बसून ती ओळ पाहिली. माझ्या गाडीने 'चालू' म्हटलं. म्हणजे मी पैसे मोजलेली विद्या तिच्यात आधीपासून होती, नुसतं तोंड नव्हतं.

याच्या आधी एका चिनी कंपनीचा दुभाष्या अडॅप्टर बाजारात होता. पण गाडीचं सॉफ्टवेअर बदललं की तो मुका व्हायचा, मग लॅपटॉप जोडून त्याला नवं सॉफ्टवेअर पाजायचं. वाचनालयामागे बर्फात उभं राहून हे करायची माझी तयारी नव्हती.

टेस्लाचं कोरियातलं दुकान माल परस्पर परदेशी पाठवत नसे. तिथले काही छोटे व्यापारी तो घ्यायचे, वर थोडं चढवायचे आणि जगभर धाडायचे. मी त्यातल्या एकाकडे मागणी नोंदवली. घरपोच सव्वातीनशे डॉलर पडले. आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलला तेव्हा इथे जकात लागत नसे (ही सवलत २०२५ च्या ऑगस्टमध्ये उठवली). नवव्या दिवशी खोकं दारात. वर सगळं कोरियन लिपीत, मला एक अक्षर वाचता येत नाही, पण मुलीला तिच्या के-पॉपच्या वेडापायी लिपी येते. तिने वाचून दाखवलं: गाडी चार्ज होत असताना काढू नये.

भाचीचा फोन फेब्रुवारीत पहाटे आला. (भाची म्हणजे तेव्हा अजून यायची होती ती, फोन तिच्या बापाचा.) वाचनालयामागे आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. वीज व्यवस्थित आत गेली, पुढचं सगळंही व्यवस्थित झालं.

पुढे २०२२ च्या सप्टेंबरात टेस्लाने तोच अडॅप्टर अमेरिकेत अडीचशे डॉलरना विकायला काढला. कोरियन व्यापाऱ्यांचा हंगाम संपला. मला माझ्या वरच्या पंच्याहत्तर डॉलरचं काही वाटलं नाही.

पण खरी उलथापालथ त्यानंतरची. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा सगळ्यांना खुला केला आणि त्याला उत्तर अमेरिकेचं मानक असं भारदस्त नावही देऊन टाकलं, स्वतःच. लोक हसले. मे २०२३ मध्ये फोर्डने तो स्वीकारला, जूनमध्ये जनरल मोटर्सने, आणि पुढच्या आठ-नऊ महिन्यांत बहुतेक सगळे रांगेत. ज्यांनी २०११ मध्ये आपला प्लग वेगळा म्हणून जाहीर केलं होतं तेच हे! प्लग देखणा आहे म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. गावोगाव चालणारे सुपरचार्जर उभे होते म्हणून झालं. गेज रुळांबरोबर जातं, इंजिनाबरोबर नाही.

मग हमालांची दिशा उलटली. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस फोर्डच्या गाड्या सुपरचार्जरवर येऊ लागल्या, उलट्या बाजूचा अडॅप्टर घेऊन. तो फोर्डने गिऱ्हाइकांना फुकट दिला, लोक महिनोन्‌महिने वाट पाहत बसले, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यातले काही वापरू नका असं सांगून बदलून दिले. २०२५ च्या ह्युंदाई आयोनिक ५ ला इथे कारखान्यातूनच टेस्लाचं तोंड आहे आणि सीसीएससाठी सोबत अडॅप्टर मिळतो. कोरियन गाडी, जॉर्जियात बनलेली, अमेरिकेत विकलेली. आमचं खोकं ज्या दिशेने आलं, त्याच दिशेने.

राहिली आमची शेजारीण. शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे, एकटी राहते, तिच्याकडे २०१८ ची लीफ. गाडी ठणठणीत, कर्ज फिटलेलं. पण चाडेमोच्या तोंडाची. निस्सानने स्वतः इथे आरिया सीसीएसची आणली आणि नवी लीफ टेस्लाच्या तोंडाची. गावातला चाडेमोचा जुना चार्जर बंद पडला तो पुन्हा चालू झाला नाही. तिला हवा तो अडॅप्टर सीसीएसचा चाडेमो करणारा, म्हणजे पुन्हा दुभाष्या. तो इथल्या कुठल्याही मोठ्या कंपनीने काढला नाही, चिनी कारखान्यांनी काढला. किंमत हजार डॉलरच्या आसपास. आत स्वतःची छोटी बॅटरी असते, तीही चार्ज करून ठेवावी लागते. गेल्या उन्हाळ्यात तिने तो मागवला. जकात भरली. तिची आई ज्या गावात असते त्या वाटेवरच्या तीन चार्जरांपैकी दोनांवर चालतो. तिसऱ्यासाठी पेनड्राइव्हवर नवं सॉफ्टवेअर घालायचं आहे. ते मी या शनिवारी करून देणार आहे. सूचना चिनी भाषेत आहेत, आणि ती लिपी मुलीला येत नाही.