कांचेंतील तळें

पुणें शहराच्या पाण्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे कात्रजच्या तलावापासून आरंभ करावा लागतो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, तेथील पाणी जमिनीखालील बांधीव नळांतून शहरांतल्या हौदांत आणलें गेलें. वाटेंत हें पाणी उजेडापासून दूर राही. आणि उजेडावांचून पाण्यांत शेवाळ धरत नाहीं. पिण्याच्या हौदास पाणवनस्पति ही शत्रूच. आज मात्र याच शहरांत लोक माशांसाठीं कांचेची पेटी घेतात आणि तींत लावण्यास पैसे मोजून पाणवनस्पति आणतात. आठवड्याभरांत तिचीं पानें गळूं लागलीं म्हणजे ‘रोप वांचलें नाहीं’ असें समजून तें फेंकून देतात. हा निकाल बहुधा घाईचा असतो, हें या पेटीचा इतिहास पाहिल्यास ध्यानीं येईल.

हिरवीं पानें प्राणवायु सोडतात तीं प्रकाशांत, अंधारांत नव्हे, असें इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिलें. पुढें ७० वर्षांनीं, १८४९ सालीं, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें लंडनमध्यें या तत्त्वाचा प्रयोग केला. सुमारें १२ गॅलन पाण्यांत त्यानें दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची वनस्पति लावली. हिच्या जातीचीं झाडें आपल्याकडील संथ पाण्यांतही उगवतात. मासे जगले, पण जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननें वनस्पति उपटून टाकली नाहीं. त्यानें पाण्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजका भाग व थर खाल्ला आणि पाणी निवळलें. १८५० सालीं त्यानें ही हकीकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडली. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यालय उघडलें. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचें.

मासा आणि वनस्पति एवढ्या दोघांनीं मेळ बसत नाहीं. कुजलेल्याची वाट लावणारें तिसरें कोणी लागतें, आणि अवधिही लागतो, हें या प्रयोगाचें तात्पर्य होय. आजच्या विकतच्या रोपास अडचण आणखी एक असते. रोपवाटिकेंत अशीं पुष्कळशीं रोपें मुळें ओलीं व पानें दमट हवेंत ठेवून वाढवितात. हवेंतील पानावर मेणचट आवरण असतें; पाण्याखालचें पान पातळ असून कर्बवायु पाण्यांतूनच शोषून घेतें. म्हणून पेटींत बुडाल्यावर जुनीं पानें निरुपयोगी होऊन गळतात, आणि गाभा शाबूत असल्यास त्यांतून पाण्याजोगीं नवीं पानें फुटतात.

तेव्हां रोप आणल्यावर त्याचा दोरा व मुळांभोंवतालचा कापूस काढावा, सडकीं पानें कापावीं, आणि वाळूंत मुळें तेवढीं पुरून गाभा वर राखावा. दिवा रोज सात-आठ तासच लावावा. अधिक उजेडानें शेवाळच माजतें. मासे थोडे ठेवावे, त्यांस खाणें बेतानें घालावें, गळालेलीं पानें उचलीत जावीं, आणि तीन-चार आठवडे धीर धरावा.

रोप तगलें म्हणजे लवकरच पसरतें, आणि छाटलेला भाग नदींत किंवा तळ्यांत टाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. उपड्या नरसाळ्याखालीं प्राणवायूचे बुडबुडे दाखविणारी हायड्रिला शाळेंत शिकलेल्या सर्वांस ठाऊक आहे. १९५० नंतरच्या दशकांत मत्स्यपेट्यांच्या व्यापारांतून ती अमेरिकेंतील फ्लॉरिडांत पोंचली व तेथील कालवे आणि सरोवरें तिनें व्यापून टाकलीं. आपल्या मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत आली ती शोभेची वनस्पति म्हणूनच. छाटणी वाळवून कुंडींत खत म्हणून घालावी. नदीस तिची भेट देऊं नये.