गोदाकाठ ते थेम्सकाठ

प्रभू येशूच्या जीवनावरील एका मूकपटातून भारतीय चित्रपटाला प्रेरणा मिळाली, ही हकिकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. नाशिककरांनी तर ती अवश्य सांगावी. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेवला.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्राचा पट पाहिला. डोळ्यांसमोरून ख्रिस्तजीवन सरकत असता आपल्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहणाऱ्याला स्वतःची श्रद्धा नव्याने दिसते, ती अशी.

त्या ध्यासाची किंमत मोठी होती. अखंड चित्रपट पाहणे आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टीच काही काळ गेली. उपचारांनी ती परतताच विम्याची पॉलिसी तारण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. त्या महानगरात ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मात्र त्यांची तळमळ पाहून त्यांनीच चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ थेम्सकाठच्या वॉल्टन गावी होता. गोदाकाठचा हा विद्यार्थी तेथे चित्रीकरणाचे तंत्र शिकला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्याने विकत घेतले. १ एप्रिलला तो मायदेशी परतला.

पण हा प्रवास त्यांचा एकट्याचा नव्हता. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालवली आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधला. धनिकांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी रोपाच्या वाढीचा एक छोटा पट केला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच वर्षी हे कुटुंब कॅमेऱ्यासह नाशिकला आले.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून काम करण्याचे प्रस्ताव त्यांच्यापुढे आले. ते नाकारून ते नाशिकच्या आपल्या माणसांत परतले. पुढे ‘लंकादहन’ने तुफान गर्दी खेचली, तरी आयुष्याची अखेर मात्र विपन्नावस्थेत झाली.

आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मुलांना घेऊन तेथे गेलात, तर त्यांना तीन गोष्टी सांगा: त्या ख्रिस्तपटाची, लंडनच्या त्या दोन फेऱ्यांची आणि अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या एका गृहिणीची. तिच्यावाचून ही कथा अपुरी आहे.