भिंतींविना तुरुंग

अपराध्याचें मन दंडानें पालटतें कीं विश्वासानें, हा प्रश्न औंध संस्थानानें १९३९ सालीं प्रत्यक्ष कृतीनें हातीं घेतला. भवानराव पंतप्रतिनिधींच्या त्या राज्यांत, आटपाडीजवळ, कैद्यांची ‘स्वतंत्रपूर’ ही मोकळी वसाहत स्थापन झाली; मॉरिस फ्रीडमन यांचा तींत पुढाकार होता. भिंतींआड डांबण्याऐवजीं कैद्यांच्या हातीं शेती देण्यांत आली.

औंध संस्थानांतच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं या प्रयोगावर कथा रचली, आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट केला. त्यांतील सहा खुनी कैद्यांचा उद्धार पुरा होण्यास जेलर आदिनाथास प्राण वेचावे लागतात. नाट्याला असें बलिदान रुचतें. स्वतंत्रपुरानें मागितला तो नांगर आणि रोजचा विश्वास. पश्चात्तापाची खरी कसोटी तीच: दाराला कुलूप नसतां माणूस सायंकाळीं परत येतो कीं नाहीं!